ज्यू नसलेल्या मुलखातला ज्यूद्वेष

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत आज ज्यूंची नांदती वस्ती नाही. सिनेगॉग नाही, शनिवार पाळणारं घर नाही. आपण ज्यू माणसाला प्रत्यक्ष भेटलो आहोत, असं सांगणारा खान्देशी माणूस शोधावाच लागेल. तरीही एस.टी. स्टँडजवळच्या पुस्तकांच्या गाड्यावर ‘मृत्युंजय’ आणि ‘अग्निपंख’ यांच्या शेजारी हिटलरचं ‘माझा लढा’ मांडलेलं दिसतं. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं ते नेतृत्वगुण शिकवणारं पुस्तक म्हणून उचलतात. चहाच्या टपरीवर राजकारणाची चर्चा रंगात आली की ‘या देशाला एक हिटलरच पाहिजे’ असं कुणीतरी म्हणतं, आणि बाकीचे माना डोलावतात. त्या टपरीवर ज्यूंबद्दल वाईट बोलायचं कुणाच्या मनातही नसतं. पण साठ लाख ज्यूंना ठरवून मारणाऱ्या माणसाचं नाव शिस्तीचा समानार्थी शब्द म्हणून तिथे सहज वापरलं जातं.

त्याच टपरीवर इस्रायलचंही कौतुक होतं, आणि त्याला सबळ कारण आहे. जळगावची केळी ठिबकवर उभी आहे. जळगावच्या जैन इरिगेशनने २००७ साली ठिबक बनवणाऱ्या इस्रायलच्या नानदान कंपनीत निम्मा वाटा घेतला आणि पुढे ती पूर्ण ताब्यात घेतली. वाळवंटात मळे फुलवणारा देश बघायला इकडचे शेतकरी अभ्यासदौऱ्यावर जातात, परत येऊन गावात भाषणं देतात. म्हणजे एकच माणूस सकाळी इस्रायलच्या पाणी व्यवस्थापनाबद्दल बोलतो आणि संध्याकाळी हिटलरच्या कडकपणाबद्दल. दोन्हींत त्याला विसंगती वाटत नाही, कारण दोन्हीकडे तो एकाच गोष्टीपुढे नमस्कार करत असतो: बळापुढे. या सगळ्यात ज्यू माणूस कुठेच नसतो. ज्यूद्वेषाविरुद्ध सध्या जगभर सरकारं आणि संस्था जे करत आहेत, त्याचा आढावा मला या ठिकाणाहून घ्यावासा वाटतो. त्यातलं बरंचसं काम जिथे ज्यू राहतात तिथल्यापुरतं आखलेलं आहे. जिथे ते राहत नाहीत तिथे काय करायचं, याचं उत्तर त्यात फार थोडं सापडतं.

जगातलं चित्र आधी पाहू. २००५ साली संयुक्त राष्ट्रांनी २७ जानेवारी हा दिवस होलोकॉस्टच्या, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराच्या, स्मरणासाठी ठरवला. आउश्वित्झची छळछावणी १९४५ साली याच तारखेला मुक्त झाली होती. पुढे जानेवारी २०२२ मध्ये होलोकॉस्ट नाकारण्याच्या प्रवृत्तीचा निषेध करणारा ठराव महासभेने मंजूर केला. पण या ठरावांमागे आणि धोरणांमागे रक्त सांडलेलं आहे. २०१२ साली फ्रान्समध्ये तुलूजच्या ज्यू शाळेत, २०१५ साली पॅरिसच्या कोशर दुकानात, २०१८ साली अमेरिकेत पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये माणसं मारली गेली; एकट्या पिट्सबर्गमध्ये अकरा. २०१९ साली जर्मनीत हाले इथे योम किप्पूर या ज्यूंच्या पवित्र दिवशी एक बंदूकधारी सिनेगॉगवर चालून गेला. आतली माणसं वाचली ती बंद दरवाजा टिकला म्हणून. त्याने मग बाहेरच्या दोघांना मारलं. जर्मनीने त्याआधीच, २०१८ मध्ये, या एकाच विषयासाठी केंद्रीय आयुक्त नेमला होता. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२१ मध्ये २०३० पर्यंतचं धोरण जाहीर केलं, अमेरिकेने मे २०२३ मध्ये आपलं पहिलं राष्ट्रीय धोरण आणलं. अमेरिकेत ज्यू दोन टक्क्यांच्या आसपास, पण २०२३ साली एफबीआयने नोंदवलेल्या धर्मद्वेषाच्या गुन्ह्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश त्यांच्याविरुद्धचे होते, १,८३२. आकडा वाचून ‘तिकडचा प्रश्न’ म्हणून पान उलटणं सोपं आहे. पण दोन टक्के लोकांना आपल्या मुलांच्या शाळेबाहेर बंदूकधारी पहारा ठेवावा लागतो, म्हणजे काय, हे क्षणभर मनात आणून पाहावं.

या सगळ्या धोरणांच्या मुळाशी एक व्याख्या आहे आणि वादही तिच्यावरच पेटलेला आहे. आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मरण संघाने मे २०१६ मध्ये बुखारेस्टच्या बैठकीत ज्यूद्वेषाची कामचलाऊ व्याख्या स्वीकारली आणि सोबत अकरा उदाहरणं जोडली. त्यातली बरीच इस्रायलशी संबंधित आहेत. भारत या संघाचा सदस्य नाही, पण चाळीसहून जास्त देशांनी ही व्याख्या मान्य केली. टीकाकारांचं म्हणणं असं, की या उदाहरणांच्या आधारे इस्रायल सरकारवरची टीकाच गुन्हा ठरवली जाते. ज्या केनेथ स्टर्न यांनी मूळ मसुदा तयार करण्यात पुढाकार घेतला, ते स्वतः सांगत आले की ही व्याख्या आकडेवारी गोळा करणाऱ्यांसाठी होती, विद्यापीठांत कोणी काय बोलावं हे ठरवण्यासाठी नव्हे. मार्च २०२१ मध्ये शेकडो अभ्यासकांनी जेरुसलेम जाहीरनामा काढून पर्यायी व्याख्या मांडली.

७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात हमासने इस्रायलमध्ये सुमारे बाराशे लोकांना मारलं. त्यानंतरच्या युद्धात गाझात हजारो-हजारो माणसं मेली, मुलंही. मग या वादाला धार आली. जगभर ज्यूंवरचे हल्ले वाढले, हे खरं. आणि गाझाबद्दल बोलणाऱ्यांना ज्यूद्वेष्टे ठरवून गप्प करण्याचे प्रकार घडले, हेही खरं. अमेरिकी सरकारने मार्च २०२५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचं ४० कोटी डॉलरचं अनुदान ज्यूद्वेषाला आळा घातला नाही या कारणाने रोखलं. जुलैत विद्यापीठाने वीस कोटींहून अधिक डॉलर भरायचं कबूल करून तडजोड केली. कॅम्पसवर ज्यू विद्यार्थ्यांना खरोखर त्रास झाला होता. पण संशोधनाचा पैसा अडवून कोणाच्या मनातला द्वेष गेल्याचं मी तरी वाचलेलं नाही. सरकारच्या हातातलं हत्यार जितकं मोठं, तितकं ते दुसऱ्याच कामाला वापरलं जाण्याची भीती मोठी. नेतन्याहूंच्या धोरणावर टीका हा ज्यूद्वेष नाही. त्या धोरणाचा जाब पॅरिसच्या ज्यू दुकानदाराला किंवा भायखळ्याच्या ज्यू म्हातारीला विचारणं, हा ज्यूद्वेष आहे. ही रेघ स्पष्ट आहे, आणि ती पुसट करण्यात दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांचा फायदा आहे.

जर्मनीने केलेलं एक काम मात्र खान्देशातल्या पुस्तकांच्या गाड्यापर्यंत यायला हवं होतं. हिटलरच्या पुस्तकाचा हक्क युद्धानंतर बव्हेरिया राज्याकडे आला. त्यांनी सत्तर वर्षं जर्मनीत त्याची नवी आवृत्ती निघू दिली नाही. २०१५ अखेर हक्क संपला. आता ते पुस्तक कोणीही छापू शकेल हे दिसत असताना म्युनिकच्या समकालीन इतिहास संस्थेने जानेवारी २०१६ मध्ये स्वतःच आवृत्ती काढली: दोन जाडजूड खंड, जवळजवळ दोन हजार पानं, साडेतीन हजारांहून अधिक टिपा. हिटलर जिथे खोटं बोलतो तिथे शेजारीच खरं काय ते छापलेलं. ज्या कल्पना त्याने दुसऱ्यांकडून उचलल्या, त्यांचं मूळ दिलेलं. ज्या वाक्याचा पुढे गॅस चेंबरशी संबंध येतो, तिथे तो दाखवलेला. आपल्याकडच्या मराठी आवृत्त्या याच्या अगदी उलट बाजूला असतात. स्वस्त कागद, आकर्षक मुखपृष्ठ, प्रस्तावनेत असामान्य जिद्दीचं वर्णन. पंचवीस वर्षांचा मुलगा ते वाचतो तेव्हा त्याला अडवणारी, थांबवून सांगणारी एकही टीप पानाच्या तळाशी नसते. वि. ग. कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ मराठीत आहे, ॲन फ्रँकची डायरी मराठीत आहे. पण गाड्यावर जी थप्पी संपते ती ‘माझा लढा’ची. बंदी घाला असं मी म्हणणार नाही. मराठीतल्या एखाद्या प्रतिष्ठित प्रकाशकाने किंवा साहित्य संस्कृती मंडळाने टिपांसह आवृत्ती काढावी, एवढं म्हणतो.

आता महाराष्ट्र. आपल्याकडे एक वाक्य फार अभिमानाने उच्चारलं जातं: भारतात ज्यूंचा कधी छळ झाला नाही. रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या नवगावला, बेने इस्रायली या मराठी ज्यूंचे पूर्वज जहाज फुटून लागले अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना शनवारतेली म्हटलं. किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर झाले. कीर्तन मराठीत केलं. सॅम्युअल दिवेकरांनी १७९६ साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. इस्रायलला गेलेले बेने इस्रायली आजही तिथे महाराष्ट्र दिन साजरा करतात. शेजारी म्हणून आपण चांगले निघालो, हा अभिमान खोटा नाही.

पण ‘छळ झाला नाही’ हे वाक्य पूर्ण खरं नाही. गोव्यात १५६० साली पोर्तुगीजांनी धर्मन्यायालय सुरू केलं आणि ते मधल्या थोड्या खंडासह १८१२ पर्यंत चाललं. गार्सिया द ओर्ता हा वैद्य मूळचा ज्यू घराण्यातला, बाहेरून ख्रिस्ती. त्याने १५६३ साली गोव्यात भारतीय औषधी वनस्पतींवर ग्रंथ छापला. आंब्यापासून हिंगापर्यंत आपल्या ओसरीवरच्या गोष्टी त्यात आहेत. तो १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातरिनाला, ज्यू धर्म पाळल्याबद्दल जिवंत जाळलं. १५८० साली खुद्द त्याची हाडं उकरून जाळली. याच भूमीवर, इथल्या समुद्राच्या वाऱ्यात, हे घडलं. शेजाऱ्याच्या रागातून ते झालेलं नव्हतं. सरकारी हुकमाने आणि कागदोपत्री रीतसर झालं होतं.

दुसरी तारीख सगळ्यांना माहीत आहे, पण तिच्यातला एक भाग आपण विसरतो. २६ नोव्हेंबर २००८ ला लष्कर-ए-तय्यबाच्या दहा जणांपैकी दोघे कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये शिरले. ताज आणि सीएसटी मोठी, गजबजलेली ठिकाणं होती. नरिमन हाऊस गल्लीतली साधी इमारत, तिथे खाबाड या ज्यू संस्थेचं केंद्र. तिथे जाण्याचं कारण एकच, आतली माणसं ज्यू होती. रब्बी गॅव्रिएल होल्त्झबर्ग, त्यांची पत्नी रिव्का आणि आणखी चार जण मारले गेले. दोन वर्षांच्या मोशेला त्याला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युअल यांनी उचलून बाहेर आणलं. हल्ल्याआधी ठिकाणांची पाहणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीने पुण्यातल्या आणि इतर शहरांतल्या खाबाड केंद्रांचीही टेहळणी केली होती. फेब्रुवारी २०१० मध्ये कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला, ती जागा पुण्याच्या खाबाड केंद्रापासून जवळच. आपण २६/११ ला देशावरचा हल्ला म्हणतो, ते बरोबरच आहे. पण त्यातला एक भाग शुद्ध ज्यूद्वेषाचा होता, हे आपल्या वार्षिक स्मरणात क्वचितच उच्चारलं जातं. त्यानंतर सरकारने जे करायचं ते केलं: सिनेगॉगबाहेर पोलीस बसवले, राष्ट्रीय तपास यंत्रणा उभी केली, हेडलीचा साथीदार तहव्वूर राणाला एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतून आणलं. नरिमन हाऊस २०१४ मध्ये पुन्हा उघडलं; वरच्या मजल्यांवर गोळ्यांनी फुटलेल्या भिंती तशाच ठेवल्या आहेत.

२०१६ साली महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. देशभरात पाच हजारही नसलेल्या आणि निम्म्याहून अधिक याच राज्यात राहणाऱ्या समाजाला त्यामुळे शिक्षणसंस्था, शिष्यवृत्ती यांची वाट मोकळी झाली. हा चांगला निर्णय होता, पण तो ज्यूंसाठी होता; बाकीच्यांनी ज्यूंबद्दल काय शिकावं, यासाठी नव्हता. ती उणीव वारंवार उघडी पडते. २००६ साली नवी मुंबईत खारघरला ‘हिटलर्स क्रॉस’ नावाचं रेस्टॉरंट उघडलं. ज्यू समाजाने आवाज उठवल्यावर मालकाने नाव बदललं. २०१२ साली अहमदाबादेत ‘हिटलर’ नावाचं कपड्यांचं दुकान निघालं. २०१८ साली एका प्रकाशनाच्या मुलांच्या पुस्तकात महात्मा गांधी आणि मंडेला यांच्या रांगेत हिटलर थोर नेता म्हणून उभा होता. परदेशातून निषेध झाल्यावर ते मागे घेतलं. दर वेळी क्रम तोच असतो. कोणीतरी बाहेरून ओरडतं, पाटी उतरते, आणि मालक मनापासून सांगतो की आम्हाला ठाऊकच नव्हतं. तो खोटं बोलत नसतो. ठाऊक करून देण्याचं काम कोणाकडेही सोपवलेलं नाही.

दुसऱ्या बाजूचं अज्ञानही तितकंच खरं आहे. मुस्लिम मोहल्ल्यांतल्या फोनवर ‘यहूदी साजिश’चे व्हिडिओ फिरतात. जगाच्या बँका, लसी, चित्रपट, सगळ्यांमागे यहुद्यांचा हात असल्याचं ते सांगतात. त्यांचं मूळ १९०३ साली रशियात छापलेल्या ‘झिऑनच्या वडीलधाऱ्यांचे मसुदे’ या बनावट दस्तऐवजात आहे. लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२१ सालीच त्यातली वाङ्मयचोरी उघड केली होती. गाझातल्या मुलांबद्दलचं खरं दुःख आणि हे शंभर वर्षांचं खोटं एकाच फॉरवर्डमध्ये येतं, म्हणून ते पचतं. त्या समाजातल्या शिक्षकांनी आणि मौलवींनी हे वेगळं करून सांगायला हवं. बाहेरच्याने सांगून ते ऐकलं जाणार नाही.

खान्देशकडे या शिकवणीसाठी स्वतःचं काय आहे, असं विचारलं तर उत्तर अनपेक्षित ठिकाणी सापडतं. जळगावच्या जैन हिल्सवर २०१२ साली गांधीतीर्थ हे गांधींवरचं संग्रहालय उभं राहिलं. गांधींच्या आफ्रिकेतल्या आयुष्याची गोष्ट हर्मन कॅलनबाख या ज्यू वास्तुविशारदाशिवाय सांगता येत नाही. १९१० साली अकराशे एकरांची जमीन सत्याग्रहींना वापरायला दिली ती त्यांनी. तिथे टॉलस्टॉय फार्म उभा राहिला. गांधींचे तिथले सहकारी हेन्री पोलाक आणि सोन्या श्लेसिन हेही ज्यूच. जर्मनीत १९३८ च्या नोव्हेंबरात एका रात्रीत सिनेगॉगं पेटवली गेली, त्यानंतर पंधरवड्यात गांधींनी ‘हरिजन’मध्ये लेख लिहिला. ज्यूंच्या छळाचा त्यांनी कडक निषेध केला, पण जर्मनीतल्या ज्यूंना सत्याग्रहाचा सल्ला दिला. जेरुसलेममध्ये आसरा घेतलेले तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी फेब्रुवारी १९३९ मध्ये त्यांना दीर्घ पत्र लिहिलं. जिथे मरणाऱ्याच्या मरणाची दखलच घेतली जाणार नाही, तिथे त्याच्या हौतात्म्याला कोण साक्षी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मला बूबर यांचं म्हणणं बरोबर वाटतं, आणि गांधींची करुणा खोटी वाटत नाही. हा लेख आणि हे पत्र वर्गात वाचलं, तर कुठल्याही निषेध ठरावापेक्षा जास्त शिकवून जाईल. त्यासाठी जळगावसारखी जागा देशात फार थोड्या ठिकाणी आहे. असाच आणखी एक धागा रोजच्या सकाळीत आहे: आकाशवाणीची सकाळची धून ज्याने रचली असं मानलं जातं, तो वॉल्टर कॉफमन नाझींपासून वाचण्यासाठी १९३४ साली मुंबईला आलेला ज्यू संगीतकार होता. ती धून ऐकत खान्देशातल्या किती पिढ्यांनी शाळेचं दप्तर भरलं असेल!

या शिकवणीसाठी खान्देशकडे आणखी एक गोष्ट आहे, राईनपाडा. १ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याकडे घरं असलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे आले. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज काही आठवड्यांपासून व्हॉट्सॲपवर फिरत होते. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना कोणाला तरी दिसला, आणि तेवढं पुरलं. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि पाचही जणांना ठेचून मारलं. ही मूल पळवण्याची अफवा ज्यूद्वेषाच्या जुन्या कहाण्यांपैकी एक आहे. ११४४ साली इंग्लंडमध्ये नॉर्विचला एका मुलाचं प्रेत सापडलं, त्याचा आळ ज्यूंवर आला, आणि तीच गोष्ट पुढे आठशे वर्षं गावोगाव फिरत हजारो माणसांना खात राहिली. युरोपातल्या त्या गावांना ज्यूंबद्दल जे वाटत होतं, तेच राईनपाड्याला भटक्या गोसाव्यांबद्दल वाटलं: हे आपले नाहीत, यांचं गाव आपल्याला ठाऊक नाही, यांच्यावर काहीही विश्वास ठेवता येतो. ज्यूद्वेष कसा चालतो हे खान्देशातल्या मुलांना शिकवायचं तर पोलंडपासून सुरुवात करायची गरज नाही.

राईनपाड्यानंतर यंत्रणा हलली, हेही नोंदवायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ च्या निकालात प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमायला सांगितलं. व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात भारतात एक मेसेज पाच ठिकाणांपलीकडे पुढे पाठवण्यावर मर्यादा आणायला सुरुवात केली. द्वेष पसरवण्याविरुद्धचं कलम, पूर्वीचं १५३-अ आणि आता भारतीय न्याय संहितेतलं १९६, ज्यूंनाही तितकंच लागू होतं जितकं गोसाव्यांना. कायदा पुरेसा आहे. होलोकॉस्ट नाकारणं गुन्हा ठरवणारा वेगळा कायदा इथे आणू नये, असं माझं मत. जर्मनी-फ्रान्सला त्यांच्या इतिहासाने तो लावला, आपल्याकडे तो दुसऱ्याच कोणाच्या तोंडावर हात ठेवायला वापरला जाईल.

उरते ती शाळा. सीबीएसईच्या नववीच्या मुलांसाठी एनसीईआरटीने ‘नाझीवाद आणि हिटलरचा उदय’ असा पूर्ण धडा लिहिला. त्यात नाझी शाळांमध्ये मुलांच्या मनात वंशाची प्रतवारी कशी उतरवली जायची, हेही आहे. राज्य मंडळाने २०१७ आणि २०१८ साली पुस्तकं बदलली तेव्हा नववीच्या इतिहासाला १९६१ नंतरचा भारत आला, दहावीला इतिहासलेखन आणि उपयोजित इतिहास. दोन्ही विषय आवश्यक आहेत. पण परिणाम असा, की शिरपूर किंवा चोपड्याच्या मराठी शाळेतला मुलगा या दोन वर्षांत हिटलरला पुस्तकात सलग कधी भेटत नाही. तो त्याला पुस्तकांच्या गाड्यावर भेटतो. बारावीला कला शाखेत इतिहास घेतला तर महायुद्धांवरचं प्रकरण येतं, पण जिल्ह्यातली बहुतेक हुशार मुलं तोवर विज्ञान शाखेत गेलेली असतात.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्याची पुस्तकं आता एकेक इयत्ता करत बदलत आहेत. नववीची पाळी येईल तेव्हा जागा करता येईल. पण त्याआधी शिक्षक तयार करावे लागतील, कारण आजचे बरेच शिक्षक स्वतः ‘माझा लढा’ वाचूनच मोठे झाले आहेत. धुळे आणि जळगाव दोन्हीकडे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहेत. युनेस्कोने २०१८ साली ज्यूद्वेषाविरुद्धच्या शिक्षणासाठी धोरणकर्त्यांना मार्गदर्शिका काढली, ती मराठीत आणायला फार खर्च येणार नाही. कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठ, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आणि गांधीतीर्थ यांनी एकत्र बसून इतिहास शिक्षकांसाठी तीन दिवसांचं शिबिर घेतलं, तर तिथे बूबर यांचं पत्र, म्युनिकच्या आवृत्तीतली दोन-चार पानं आणि राईनपाड्याच्या बातम्यांची कात्रणं एकाच टेबलावर ठेवता येतील.